दोन मीटरवरचे नागपूर : रिको जीआर थ्री आणि एक निवृत्त भूकरमापक

भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षे भूकरमापक म्हणून नोकरी केल्यानंतर मला दोनच गोष्टी नीट येत होत्या : शेताच्या धुऱ्यावरून भांडणाऱ्या दोन भावांच्या मध्ये गंभीर चेहरा ठेवून उभे राहणे आणि टेप न लावता अंतर सांगणे. त्यांपैकी पहिलीचा मला कंटाळा आला होता. धुऱ्यावरची ती माणसे अनेकदा अतिशय विनोदी वागत. एकाने तर हद्दीचा दगड आपण हलवला नसल्याची शपथ त्याच दगडावर बसून घेतली होती. परंतु सरकारी मोजणीवर गेलेल्या माणसाला हसण्याची सोय नसते. निवृत्तीनंतर मी ठरवले की, आता रस्त्यावर हिंडायचे, माणसे आपल्याच नादात असताना जशी दिसतात तशी त्यांची छायाचित्रे काढायची, आणि हसू आले तर मनसोक्त हसायचे. नजरेने अंतर सांगण्याचा या छंदात काही उपयोग होईल, असे मात्र मला वाटले नव्हते. तो झाला, आणि ज्या कॅमेऱ्यामुळे झाला त्या रिको जीआर थ्रीविषयी, दोन वर्षे जवळजवळ रोज वापरल्यानंतर, हे लिहीत आहे.

हा माझा पहिला कॅमेरा नव्हे. पहिला मी ग्रॅच्युइटीचे पैसे हातात पडल्याच्या उत्साहात बर्डीवरील, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातील, एका दुकानातून घेतला. दुकानदाराने माझे वय पाहिले, मला काय हवे आहे हे न विचारता एक भलामोठा डीएसएलआर कॅमेरा, दोन लेन्स, एक पिशवी आणि एक तिपाई माझ्यापुढे मांडली, आणि लांब लेन्स लावून दाखवत म्हणाला, "काकाजी, याच्यातून चंद्रावरचे खड्डे दिसते." मला चंद्रावरचे खड्डे नको होते, नागपुरातले पुरेसे होते. तरीही मी ते सारे घेतले. पुढच्या आठ महिन्यांत मला समजले की, ते धूड गळ्यात अडकवून कोणी रस्त्यावर उभे राहिले की माणसे ताबडतोब कॉलर सारखी करतात, केस मागे सारतात, किंवा कोणत्या वर्तमानपत्राचे आहात असे विचारतात. लांबच्या लेन्सने चाळीस फुटांवरून चोरून काढलेल्या चित्रांची तऱ्हा वेगळी होती. चेहरा मोठा आणि स्वच्छ येई, पण ज्यामुळे मला हसू आले होते ती गोष्ट चौकटीबाहेर राही. रस्त्यावरचा विनोद सहसा एकट्या माणसात नसतो. तो माणूस आणि त्याच्या मागची पाटी, माणूस आणि त्याच्या शेजारचा कुत्रा, माणूस आणि त्याच्या डोक्यावरचे ओझे यांच्यामध्ये कुठेतरी असतो. लांब लेन्स नेमके तेच कापून टाकते. तो संच मी निम्म्या किमतीला विकला, आणि उरलेल्या पैशांत बरीच भर घालून हा छोटा कॅमेरा घेतला.

जीआर थ्री २०१९ मध्ये बाजारात आला. १९९६ मध्ये फिल्मवर चालणाऱ्या जीआर वनपासून सुरू झालेल्या घराण्यातला तो आहे आणि दिसायला आजही जवळजवळ तसाच आहे : काळा, चौकोनी, शोभेची एकही रेघ नसलेला. बॅटरी आणि कार्डासह त्याचे वजन २५७ ग्रॅम भरते आणि लांबी जेमतेम ११ सेंटिमीटर असल्याने तो सदऱ्याच्या बाजूच्या खिशात सहज मावतो. एवढ्याशा देहात त्याने मोठ्या कॅमेऱ्यात असतो तोच एपीएस-सी नावाच्या आकाराचा, २४ मेगापिक्सेलचा सेन्सर (फिल्मच्या जागी चित्र टिपणारा भाग) बसवला आहे. लेन्स मात्र एकच, कायमची बसवलेली, १८.३ मिलिमीटरची, जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबात ती २८ मिलिमीटरची रुंद लेन्स होते. झूम नाही, डोळा लावून पाहण्याची खिडकी नाही, फ्लॅश नाही, मागचा पडदा वरखाली वळत नाही. ही नकारांची यादी ऐकून माझ्या मुलाने विचारले होते, "बाबा, मग यात आहे तरी काय?"

जे आहे त्याला कंपनी स्नॅप फोकस म्हणते, आणि माझ्या मते हा कॅमेरा घ्यायचा तो केवळ त्यासाठी. इतर कॅमेऱ्यांमध्ये बटण अर्धे दाबले की यंत्र फोकस शोधते, सापडला की कळवते, आणि मग आपण बटण पूर्ण दाबतो. या शोधाला क्षणाचा काही भागच लागतो हे खरे, परंतु रस्त्यावरची गंमत बहुतेक वेळा तेवढीच असते; शिवाय गर्दीत यंत्राला आपला माणूस कोणता हे कळत नाही आणि ते मधूनच जाणाऱ्या सायकलीवर फोकस धरून मोकळे होते. जीआर थ्रीमध्ये आपण आधीच एक अंतर ठरवून ठेवायचे : एक मीटर, दीड, दोन, अडीच, पाच वगैरे. त्यानंतर बटण एका दमात खालपर्यंत दाबले की कॅमेरा काहीही शोधत बसत नाही. ठरवलेल्या अंतरावर फोकस नेऊन तत्क्षणी चित्र घेतो. बटण अर्धे दाबले, तर तो नेहमीच्या कॅमेऱ्यासारखाच वागतो. एकाच बटणात दोन स्वभाव ठेवण्याची ही कल्पना ज्याला सुचली त्याने रस्त्यावर नक्कीच पुष्कळ संधी गमावलेल्या असणार.

यात अंतराचा अंदाज आपला असावा लागतो, आणि इथे माझी नोकरी कामाला आली. समोरचा माणूस दोन मीटरवर आहे की तीन, हे मला विचार न करता कळते. साखळी, काठी आणि प्लेन टेबल घेऊन आयुष्य काढलेल्या कोणालाही ते कळेल. पण ज्यांनी कधी मोजणी केली नाही त्यांनीही घाबरण्याचे कारण नाही, कारण लहान लेन्सचा एक मोठा गुण या कामी येतो. अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाश आत घेणारे भोक; एफचा आकडा मोठा तितके ते लहान) एफ ८ वर आणि अंतर दोन मीटरवर ठेवले, तर साधारण एक मीटरपासून रस्त्याच्या पलीकडच्या दुकानापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. दिवसाउजेडी मी याच मापावर कॅमेरा ठेवतो, शटर एका सेकंदाच्या पाचशेव्या भागावर ठेवतो म्हणजे चालती माणसे पुसट होत नाहीत, आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला दाद देण्याची क्षमता, कॅमेऱ्यावर सोडतो. संध्याकाळी उजेड कमी झाल्यावर अ‍ॅपर्चर एफ २.८ पर्यंत उघडावे लागते, तेव्हा स्पष्ट दिसणारी पट्टी आक्रसून दीड ते तीन मीटर एवढीच उरते. चूक होते ती त्या वेळी. सुरुवातीला कोणाही नवख्याने घराच्या फरशीवर दोन मीटरची खूण करून तिच्यासमोर आठवडाभर येताजाता उभे राहावे. माझ्या सौभाग्यवतीने तसे करून पाहिले आणि पाचव्या दिवशी ती भाजीवाल्याचा तराजू किती अंतरावर आहे हे माझ्याआधी सांगू लागली.

२८ मिलिमीटरची दृष्टी सवयीची व्हायला मात्र वेळ लागतो. ती इतकी रुंद असते की, सुरुवातीची माझी सगळी चित्रे रिकाम्या डांबराची होती आणि माणसे दूर कोपऱ्यात मुंग्यांएवढी. इलाज एकच होता, जवळ जाणे. अमेरिकेचे छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड याच रुंदीच्या लेन्सने न्यूयॉर्कच्या पदपथांवर गर्दीच्या अंगावर जाऊन चित्रे काढत, आणि जपानचे दाइदो मोरियामा तर याच जीआर घराण्यातले छोटे कॅमेरे हातात घेऊन टोकियोच्या गल्ल्या पालथ्या घालत आले आहेत. माझा आदर्श मात्र दोघांपेक्षा सौम्य आहे : एलियट अर्विट, जे २०२३ मध्ये पंचाण्णव वर्षांचे होऊन गेले. कुत्रा आणि त्याचा मालक यांची तोंडे एकमेकांसारखी कशी दिसतात हे त्यांनी ज्या मायेने दाखवले, त्या मायेने पाहता आले तर माणूस जवळ गेला तरी कोणी अंगावर धावून येत नाही. हे माझे मत आहे, आणि बर्डीच्या मेन रोडवर दोन वर्षे ते टिकून राहिले आहे.

व्हरायटी चौकाकडून मेन रोडवर शिरले की, कमरेचे पट्टे विकणारे, मोज्यांचे ढीग लावून ओरडणारे आणि प्लास्टिकच्या मानेवर ओढणी लावून बसलेले विक्रेते पदपथ आणि रस्ता यांच्यातला फरकच मिटवून टाकतात. इथे दोन मीटर हे अंतर ठेवावे लागत नाही; गर्दीच ते ठेवते. इथे मला मिळालेले पहिले बरे चित्र एका स्कूटरचे आहे. चालकाच्या मागे साडी नेसवलेली एक दुकानातली पुतळी बसवली होती, तिचा एक हात चालकाच्या खांद्यावर आला होता, आणि शेजारच्या स्कूटरवर मागे बसलेली खरी बाई त्या पुतळीकडे ज्या नजरेने पाहत होती, ती नजर वर्णन करण्याच्या पलीकडची आहे. सिग्नल सुटायला काही क्षण उरले असावेत. खिशातून कॅमेरा काढला, चालू होण्यास एका सेकंदाहून कमी वेळ लागला, बटण एका दमात दाबले. पूर्वीच्या धुडाच्या लेन्सचे झाकण तोवर निघालेही नसते. हिवाळ्यात संत्र्यांच्या गाड्या लागतात तेव्हा कॉटन मार्केटजवळ एक गाडीवाला समोर संत्र्यांचा डोंगर मांडून स्वतः अत्यंत तृप्तीने केळे खाताना मिळाला. सकाळी तर्री पोह्यांच्या ठेल्यावर मला फारसे यश आलेले नाही. तिथे माणसे इतकी एकाग्र असतात की, विनोदाला जागाच उरत नाही, आणि खरे सांगायचे तर मीही तिथे छायाचित्रकार म्हणून फार काळ टिकत नाही.

या कॅमेऱ्याची खरी परीक्षा झाली ती मारबतीच्या दिवशी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, एकीकडे पोरे तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल सजवत असतात तेव्हा, इतवारी आणि महालाच्या अरुंद रस्त्यांवरून काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या, म्हणजे ईडापीडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुका निघतात. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची सांगतात. त्यांच्याबरोबर निघणारे बडगे म्हणजे त्या त्या वर्षी ज्याचा राग आला असेल त्याचा पुतळा : महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, एखादा पुढारी. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" या आरोळीखाली सारे शहर आपल्या तक्रारींना मिरवून, हसून, मग जाळून येते. हसण्यासाठी अख्खे शहर रस्त्यावर उतरण्याचा असा सण असलेल्या गावात विनोदी छायाचित्रणाचा छंद उशिरा लागला, याची मला थोडी खंतच वाटते. त्या गर्दीत मोठा कॅमेरा डोळ्याला लावणे अशक्य असते. कोपर कोणाच्या तरी पगडीत जाते. मी जीआर थ्री छातीशी धरून, अंतर दीड मीटरवर ठेवून, पडद्याकडे न पाहता चित्रे काढली. त्या दिवशी घेतलेल्या तीनशेहून अधिक चित्रांपैकी चार ठेवण्यासारखी निघाली. एकात महागाईचा बडगा खांद्यावरून वाहून आणणारे चौघे जण त्याला एका गाडीला टेकवून उभे करून भुट्ट्यांच्या भावावरून घासाघीस करत आहेत, आणि महागाई त्यांच्या मागून वाकून, जणू भाव ऐकण्यासाठी, पुढे झुकलेली आहे. लेन्स रुंद नसती तर भुट्टे आले असते किंवा महागाई. दोन्ही आली नसती.

कॅमेऱ्याचा आवाज जवळजवळ नाही. त्याचे शटर लेन्समध्येच असल्याने मोठ्या कॅमेऱ्यासारखा खटका न वाजता अगदी हलकी टिचकी तेवढी ऐकू येते, आणि कॅमेऱ्याचे आवाज बंद केले तर नागपूरच्या रहदारीत तीही ऐकू येत नाही. हात किंचित थरथरणाऱ्यांसाठी, म्हणजे माझ्या वयाच्या बहुतेकांसाठी, सेन्सर हलवून थरथर शोषून घेणारी व्यवस्था आत आहे; थांबलेल्या गोष्टींसाठी ती उत्तम, चालत्या माणसासाठी शटरचा वेगच लागतो. चित्राच्या दर्जाविषयी मी फार लिहीत नाही. बारा बाय अठरा इंचांचे छाप मी काढून घेतले आहेत आणि त्यात दूरच्या पाटीवरची अक्षरे वाचता येतात. मला याहून अधिक काही नको. कॅमेऱ्यातच कडा कापून ३५ किंवा ५० मिलिमीटरची दृष्टी घेण्याची सोय आहे, पण ५० वर केवळ सात मेगापिक्सेल उरतात, तेव्हा जवळ जाणेच बरे.

आता वयस्कर माणसाच्या अडचणी. चाळिशी लागलेल्या डोळ्यांना मागच्या तीन इंची पडद्यावरचे मेनू चष्म्याशिवाय वाचता येत नाहीत, आणि दुपारच्या उन्हात चष्मा लावूनही तो पडदा आरशासारखा आपलेच कपाळ दाखवतो. म्हणूनच अंतर आधी ठरवून ठेवण्याची पद्धत आपल्यासाठी सोयीची ठरते. घरात, सावलीत, निवांत चष्मा लावून सारे बेत करायचे आणि रस्त्यावर फक्त माणसांकडे पाहायचे. ज्यांना चौकट पाहिल्याशिवाय चैन पडत नाही त्यांच्यासाठी वर बसवायची वेगळी काचेची खिडकी मिळते. मी घेतली नाही. ती बसवली की खिशातला कॅमेरा खिशातला राहत नाही.

बॅटरीचा विचार आधी करून ठेवावा. एका बॅटरीवर सुमारे २०० चित्रे निघतात, असे कंपनीच सांगते, आणि मारबतीच्या दिवसासाठी ते अपुरेच आहे. मी पहिल्या वर्षी या आकड्याकडे दुर्लक्ष केले आणि दोन्ही मारबती समोर आल्या तेव्हा माझ्या हातात बंद डबी होती. तेव्हापासून एक जादा बॅटरी सदऱ्याच्या खिशात असते. यूएसबी-सीच्या साध्या तारेने कॅमेरा चार्ज होतो, म्हणजे मोबाइलची पॉवर बँकही चालते. उन्हाचे मात्र नागपूरकराला वेगळे सांगावे लागते. कंपनीने कॅमेऱ्याची मर्यादा ४० अंश सेल्सिअसपर्यंत दिलेली आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पलीकडे जातो. माझीही मर्यादा तेवढीच असल्याने आमचे जमते : एप्रिल ते जूनपर्यंत सकाळी साडेसहा ते नऊ, आणि त्यानंतर दोघेही पंख्याखाली. धूळ आणि पाणी रोखणारे सील या कॅमेऱ्याला नाही. लेन्स बाहेर येते आणि आत जाते, त्यामुळे धूळ उडत असेल तेव्हा किंवा पावसात तो बाहेर काढू नये. मी त्याला सौभाग्यवतीने शिवलेल्या नाडीच्या बटव्यात ठेवतो आणि खिशातले सुटे पैसे दुसऱ्या खिशात.

लोक रागावत नाहीत का, हा प्रश्न मला कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षाही जास्त वेळा विचारला जातो. या बाबतीत यंत्राचा लहानपणा फार उपयोगी पडतो. इतक्या लहान डबीने, इतक्या म्हाताऱ्या माणसाने काढलेल्या चित्राला कोणी गंभीरपणे घेत नाही. गोकुळपेठेच्या बाजारात एका भाजीवाल्याने मला पकडले होते : "माहा फोटो काहून काढला जी काकाजी?" त्याच्या डोक्यावरच्या छत्रीला ढेमसे लटकलेले होते आणि तो स्वतः त्यांच्याइतकाच गोल होता, हे कारण सांगणे मला प्रशस्त वाटले नाही. मी पडद्यावर चित्र दाखवले, तो इतका हसला की शेजारच्या गाड्यांवरचे लोक जमले, आणि पुढच्या रविवारी मी त्याला छाप नेऊन दिला. छाप देण्याची ही सवय मी सोडलेली नाही. ज्याने नको म्हटले त्याचे चित्र त्याच्यासमोर पुसतो. लहान मुलांचे चित्र आई-बाप जवळ नसताना घेत नाही, दवाखान्याच्या दारातले घेत नाही, आणि सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे त्या दिशेला कॅमेरा वर करत नाही. एखादे चित्र त्या माणसाला दाखवायला मला लाज वाटणार असेल, तर ते काढण्यासारखे नव्हते असे मी समजतो, आणि या कसोटीवर माझीच चांगली जमलेली तीन-चार चित्रे मी पुसून टाकलेली आहेत.

किंमत मला जड गेली. माझ्या दोन महिन्यांच्या पेन्शनपेक्षा ती बरीच अधिक होती, आणि तेवढ्या पैशांत झूम, फ्लॅश, खिडकी सारे असलेला कॅमेरा मिळतो हे मला ठाऊक आहे. अंबाझरी तलावावर पक्षी पाहणाऱ्यांनी, नातवंडांच्या वाढदिवसांसाठी एकच यंत्र हवे असलेल्यांनी, किंवा अनोळखी माणसाच्या दोन मीटर जवळ जाण्याची कल्पनाच नको वाटणाऱ्यांनी हा घेऊ नये. २०२५ मध्ये याचा पुढचा अवतार, जीआर फोर, आलेला आहे, त्यामुळे जुना थ्री वापरलेल्या अवस्थेत स्वस्तात मिळत असेल तर तो पाहावा. घेताना पांढऱ्या भिंतीचे एक चित्र एफ १६ वर काढून सेन्सरवर धुळीचे ठिपके आहेत का ते जरूर तपासावे.

याच कॅमेऱ्याचा एक भाऊ आहे, जीआर थ्री एक्स, जो २०२१ मध्ये आला आणि ज्याची दृष्टी ४० मिलिमीटरची, म्हणजे अरुंद आहे. लाजाळू माणसाला तो सोपा जाईल असे म्हणतात, कारण त्याने तीन मीटरवर उभे राहून काम भागते. मी एका स्नेह्याकडून तो एका रविवारपुरता मागून आणला आणि पुन्हा गोकुळपेठेत गेलो. चेहरे सुरेख आले. ढेमसे एकाही चित्रात आले नाहीत. सोमवारी तो परत करून आलो.